राब सुटावा ही विनंती

चैत्र लागला की कर्जतच्या भोवती, डोंगरांच्या पायथ्याशी धूर दिसू लागतो. मुंबईहून हवापालटाला आलेली मंडळी स्टेशनच्या फलाटावर उभी राहून विचारतात, ‘वणवा लागलाय का हो?’ पूर्वी मी त्यांना नीट समजावून सांगत असे. तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाची ती खोड. आता नुसतं ‘हो’ म्हणतो आणि पुढे जातो.

तो धूर राबाचा असतो. भाताचं रोप ज्या तुकड्यात वाढवायचं त्या तुकड्याला आमच्याकडे दाढ म्हणतात. त्या दाढीवर शेण पसरायचं, त्यावर ऐनाच्या झाडाच्या छाटलेल्या टहाळ्या, त्यावर गवत आणि सुका पातेरा, आणि सगळं उडून जाऊ नये म्हणून वर माती. हे रचलेलं सगळं म्हणजे राब. मग वाऱ्याचा रोख बघून एका कोपऱ्याला विस्तव लावायचा. तो ढणढण पेटत नाही, आतल्या आत धुमसतो. जमीन भाजून निघते, तणाचं बी मरतं, राख मुरते, आणि पावसात त्या काळ्या तुकड्यावर असं दाट रोप येतं की त्यात बोट घालायला जागा राहत नाही. राबाशिवाय भात नाही, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. इतकं जाणतं की कुणी ते बोलून दाखवत नाही. घोटाळा झाला तो तिथेच.

यंदा हा धूर निघायला लागला त्याच आठवड्यात आमच्या वाचनालयात एक नवं पुस्तक आलं. गुळगुळीत कागद, वर सोनेरी अक्षरं, आणि पहिल्या पानावर पगडी, उपरणं, बंद गळ्याचा कोट आणि या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी आमचे आनरेबल. कायदेकौन्सिलात आमच्या बाजूच्या लोकल बोर्डांनी निवडून पाठवलेले सभासद. आता ते तिथून मोकळे झाले आहेत, सरकारने पदवी दिली आहे, आणि आपल्या लोकसेवेची यादी त्यांनी स्वतःच छापून गावोगावच्या वाचनालयांना फुकट वाटली आहे. फुकट नसती तर ती कुणी घेतली असती असं मला वाटत नाही.

पुस्तकात दोनच गोष्टी आहेत. त्यांनी कोणती बिलं आणली, आणि दुसऱ्यांनी आणलेल्या बिलांवर काय मत दिलं. बिलं तीन. एक, शहरातल्या भाड्याच्या गाड्यांना रात्री दिवे असावेत म्हणून. दुसरं, नाटकगृहांना मागच्या अंगालाही दार असावं म्हणून. तिसरं, कौन्सिलात सभासदांनी एकमेकांना कसं संबोधावं याविषयी. हे तिसरं त्यांनी आपणहून मागे घेतलं, तरी छापलं आहे. माणसाने जेवणाचं आमंत्रण नाकारलं तरी गावभर सांगत सुटावं, त्यातला प्रकार.

मतांची यादी मात्र लांबलचक. कौन्सिलात मत मोजायची वेळ आली की होकार देणाऱ्यांची नावं एका रांगेत छापतात आणि नकार देणाऱ्यांची दुसऱ्या रांगेत. होकाराला साहेबाच्या भाषेत म्हणतात ‘आय’. मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवत गेलो. शेतसाऱ्यावर आय. मिठावर आय. गावच्या चावडीवर आय. दारूच्या दुकानांवर आय. एका जागी सरकारने एक कलम आणलं, आनरेबल आय म्हणाले, पुढच्या महिन्यात सरकारने तेच कलम काढून टाकायचं ठरवलं, आनरेबल पुन्हा आय म्हणाले. सरकार शिंकलं असतं तर तेव्हाही ते उठून आयच म्हणाले असते. एवढ्या वर्षांत ‘नो’ हा एका अक्षराचा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. त्यासाठी निवडून कशाला द्यायचं? एक घंटा टांगली असती तरी चाललं असतं.

आणि मग ते पान आलं. ठळक अक्षरात मथळा होता: ‘रयतेची राबातून सुटका.’ खाली चार ओळी. कर्जत तालुक्यातल्या आणि खालापूर महालातल्या दीन शेतकऱ्यांनी टाहो फोडला, आनरेबलांचं अंतःकरण द्रवलं, त्यांनी कौन्सिलात आवाज उठवला, आणि रयत राबातून सुटली. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ओळी तशाच होत्या. खिडकीतून राबाचाच धूर आत येत होता. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

गाव प्लेगच्या भीतीने पहिल्यांदा माळावर राहायला गेलं, त्याच्या दोन-तीन वर्षं आधीचा तो हंगाम. त्या वर्षी दिवाळी झाल्या झाल्या जंगलखात्याने आमच्या बाजूचं जंगल बंद केलं. बंद केलं म्हणजे कुंपण घातलं नाही, नुसतं सांगितलं. ऐनाला कोयता लावायचा नाही. खांद्यावर पट्टा लावलेला एक राखा पायवाटांवरून फिरू लागला. ठाकरवाडीच्या बाया लाकडाच्या मोळ्या घेऊन कर्जतला येत, त्या यायच्या बंद झाल्या. आम्हा गावातल्यांना तेवढाच फरक कळला. चूल पेटवायला लाकूड महाग झालं म्हणून आम्ही कुरकुरलो आणि विसरलो.

गोमाजी विसरणार नव्हता. पळसदरीच्या पलीकडे, डोंगराला टेकलेल्या वाडीत त्याचं घर. पन्नाशीचा, सडसडीत, कमरेला कायम कोयता लटकवलेला माणूस. पौषात एके सकाळी तो आणि त्याची बायको भागी शाळेच्या ओट्यावर येऊन बसली. भागीने पदरातून वालाच्या शेंगा काढून माझ्यासमोर ओतल्या. म्हणजे काम होतं.

‘मास्तर, राख्यानं ऐनाला हात नको लावू सांगितलंन,’ गोमाजी म्हणाला. ‘आता दाढीवर काय माजं मुंडासं जाळू?’

‘जाळा की,’ भागी म्हणाली. ‘राख किती व्हनार त्याची? त्यात कापड कुठं हाय, निस्ती भोकां हायेत.’

गोमाजी हसला, पण लगेच गंभीर झाला. ‘राब नाय तर रोप नाय, मास्तर. रोप नाय तर लावनी कशाची करू? बापाच्या येळेपासून जमीन हाय आमच्याकडं. येक साल जरी पडून रायली तरी दुसरा कसाया टपलाय. अर्ज लिवा. सायबाला लिवा, कौन्शिलला लिवा, कुनाला बी लिवा. पर ऐन सुटाया पायजे.’

त्याची अडचण एवढीच होती आणि तीत सगळं होतं. त्याला जमीन राखायची होती, जमिनीला भात लागत होता, भाताला रोप, रोपाला राब आणि राबाला ऐन. ही माळ कुठेही तुटली असती तरी सगळी ओघळली असती.

मी अर्ज लिहिला. आता कबूल करायला हरकत नाही, की माझ्या अर्जांची मला फार घमेंड होती. कचेरीतले कारकून सहा पानं खरडतात तिथे मी एक पान लिहीत असे, आणि ते एक पान असं की त्यात काना इकडचा तिकडे करता येऊ नये. दोन दिवस मी शब्द घासत बसलो. शेवटचं वाक्य जमलं तेव्हा मी ते मोठ्याने वाचून स्वतःवरच खूश झालो. ‘गरीब रयतेची अवस्था ध्यानी घेऊन राब सुटावा, ही विनंती.’ राब म्हणजे काय ते खाली चार ओळींत लिहावं असं एकदा मनात आलं होतं. पण त्याने पानाचं रूप बिघडलं असतं. आणि कोणाला सांगायचं? राब कोणाला ठाऊक नाही?

‘सुटणं’ हा मोठा दगाबाज शब्द आहे, हे तेव्हा मला कळायला हवं होतं. आमच्याकडे गुरं सुटतात, शेताचं पाणी सुटतं, जंगल सुटतं. म्हणजे अडवलेलं मोकळं होतं. पण शहरात तपकीर सुटते, वाईट संगत सुटते. म्हणजे नकोशी गोष्ट जाते आणि माणूस मोकळा होतो. गोमाजीला राब पहिल्या अर्थाने सुटायला हवा होता. मीही त्याच अर्थाने लिहिलं. वाचणारा कुठला आहे हे मी पाहिलं नाही.

आनरेबल त्याच महिन्यात कर्जतला आले. निवडणूक जवळ आली होती. निवडणूक म्हणजे लोकल बोर्डाच्या चार-सहा सभासदांचं मन वळवणं. गोमाजीसारख्यांना त्यात मतबित काही नव्हतं. स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत गालिचा अंथरला होता. आनरेबल लोडाला टेकून बसले. धंद्याने वकील, आमच्या तालुक्यात त्यांची पुष्कळ जमीन, पण तिच्यावर त्यांचा पाय कधी लागलेला नाही. कुळांकडून येणारं खंडाचं भात मुंबईला जाई ते थेट त्यांच्या कोठीत. खिडकीबाहेर कापलेली भातखाचरं पसरली होती. खुंटं उभी होती. आनरेबलांनी तिकडे पाहिलं आणि प्रसन्नपणे म्हणाले, ‘यंदा गहू लवकर कापलेला दिसतो.’

बोर्डाचे सगळे सभासद शेतकरी होते. एकानेही ते भात आहे असं सांगितलं नाही. एक जण तर म्हणाला, ‘व्हय जी, लवकरच.’

मी अर्ज पुढे केला. आनरेबलांनी तो दोन बोटांत धरला, जसा माणूस मेलेला पतंग धरतो, आणि मागे उभ्या असलेल्या कारकुनाकडे दिला. ‘गरिबांचा प्रश्न म्हणजे माझाच प्रश्न,’ ते म्हणाले. मग त्यांनी केळं सोललं. दाराबाहेर गोमाजी उकिडवा बसला होता. ‘घेतलान का?’ त्याने विचारलं. ‘घेतला,’ मी म्हणालो. त्याने खिडकीच्या दिशेने हात जोडले. आत केळं खाणाऱ्या माणसाला ते दिसलं नाही.

माणसाला एखाद्याचा राग येतो तेव्हा त्याने काहीतरी मोठं वाईट केलेलं असतं. आनरेबलांचा मला राग कधी आला नाही. रागावण्याइतकं ते कधी कशात शिरलेच नाहीत. दुधावरची साय काढावी तसे ते आयुष्यभर वरवर फिरले, आणि आता म्हणतात मी दूध तापवलं. मला त्यांच्याविषयी जे वाटतं त्याला तुच्छता याहून सौम्य शब्द मला सापडत नाही, आणि शोधायची इच्छाही नाही.

पौष गेला, माघ गेला. ज्या दिवसांत दरवर्षी डोंगरात कोयत्यांचे आवाज घुमायचे त्या दिवसांत तिकडे शांत होतं. पळस फुलले. मोहाची फुलं पडू लागली आणि त्यांचा गोडसर, आंबूस वास उतारावरून खाली येऊ लागला. एकदा मी सहज पळसदरीला गेलो तर गोमाजीने मला त्याची दाढ दाखवली. शेण पसरून वाळलं होतं. कडेला गवत रचलं होतं. पातेरा गोळा करून वर दगड ठेवले होते. फक्त टहाळ्या नव्हत्या. आणि वर, हाकेच्या अंतरावर, ऐन अंगभर पालवी लेवून उभे होते. इतक्या वर्षांत ते इतके झाडोऱ्याने भरलेले मी पाहिले नव्हते. सुंदर दिसत होते. उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो तसं गोमाजी त्यांच्याकडे बघत होता.

‘चैत्र सरायच्या आत तोडली तर भागंल,’ तो म्हणाला. ‘उनं कडक हायेत. पंदरा दिसांत वाळंल. वैशाखात भाजून मोकला. त्याच्या म्होरं गेलं की गेलं.’

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी तो कर्जतला येई आणि वाचनालयाच्या पायरीवर बसून राही. ‘कागुद आला का?’ एवढाच प्रश्न.

कागद चैत्रात आला. कौन्सिलचं कामकाज छापलेलं सरकारी गॅझेट, बारीक इंग्रजी टाइपात. दुपारची वेळ होती, छपराचे पत्रे तापून कडकड वाजत होते. माझं इंग्रजी तिसरीपर्यंतचं, तेही तुटक. मी पानं उलटू लागलो. गोमाजी पायरीवरून उठून दाराशी आला.

‘सगला नका वाचू, मास्तर. आपला मानूस काय बोलला? हाय बोलला का नाय बोलला, येवढंच सांगा.’

मी बोट फिरवत राहिलो. ‘कर्जत’ हा शब्द सापडला. ‘राब’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत सापडला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. माझ्या बोरूतून निघालेला शब्द कौन्सिलात पोचला होता! खाली नावांच्या दोन रांगा होत्या. डावीकडे वरती होकाराचा शब्द, आणि त्याखाली आमच्या आनरेबलांचं नाव.

‘आय,’ मी वाचलं.

‘हाय?’ गोमाजी ओरडला. ‘हाय बोलला?’

‘हो. आय म्हणजे होच.’

गोमाजी मोठ्याने हसला. ‘म्हंजे सायबाच्या भाषेत बी आमच्यावानीच! आमची म्हातारी पन आयच बोलायची, हाय नाय बोलायची!’ त्याने मला हात जोडले, मुंडासं झटकलं, आणि भर उन्हात चालू लागला. जाताना वळून म्हणाला, ‘उद्या फाटं तोडाया लागतो.’ मीही दारात उभा राहून हसत होतो. तो दिसेनासा होईपर्यंत हसत होतो.

मग मी कपाटातला शब्दकोश काढला आणि तो मजकूर नीट वाचायला बसलो. एकेक शब्द लावता लावता उन्हं कलली.

आमच्या आनरेबलांनी राब हा शब्द राबण्यावरून लावला होता. त्यांनी कौन्सिलाला सांगितलं होतं, की राब म्हणजे एक प्रकारची सक्तीची मेहनत. तिच्याखाली कर्जतची रयत पिचली आहे. आणि रयतेची विनंती आहे की हा राब एकदाचा सुटावा. भाषण पाऊण पान होतं. त्यात अश्रू होते, घाम होता, मानेवरचं जू होतं. फक्त झाडाचं पान कुठे नव्हतं.

त्यावर एक गोरे साहेब उठले. हे पूर्वी आमच्याच जिल्ह्यात कलेक्टर होते. त्यांनी घोड्यावरून फिरताना शेकडो दाढी भाजताना पाहिल्या असतील. राब म्हणजे काय हे त्या दालनात एकट्या त्यांनाच ठाऊक होतं. पण त्यांनी आनरेबलांची चूक दाखवली नाही. त्यांनी आभार मानले. ते म्हणाले, झाडं छाटून राब करण्याची ही चाल बंद व्हावी असं जंगलखातं फार दिवस म्हणतच होतं. आता खुद्द रयतेचीही तीच इच्छा आहे हे सन्माननीय सभासदांकडून ऐकून समाधान वाटलं. आणि राबासाठी झाड छाटणाऱ्याला शिक्षा वाढवणारं कलम त्यांनी मताला टाकलं.

आमचे आनरेबल म्हणाले, आय.

समोरचा माणूस झाडांबद्दल बोलतो आहे आणि आपण मेहनतीबद्दल, एवढंही त्यांच्या ध्यानात आलं नाही. किंवा आलं असेल. पण साहेबाने भर कौन्सिलात आपले आभार मानल्यावर तेवढ्यासाठी पुन्हा कोण उठतो? त्या कामकाजात एक पानभर आधी त्यांनी आपल्या आडनावाच्या स्पेलिंगात झालेली चूक मात्र उभं राहून दुरुस्त करून घेतली होती.

मी गॅझेट मिटलं. दुसऱ्या दिवशी शाळेची तपासणी होती. नकाशे टांगायचे होते, हजेरीपट नीट करायचे होते. तपासणी उरकली की पळसदरीला जाऊन गोमाजीला सगळं सांगायचं, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तपासणी उरकली तेव्हा गोमाजी कर्जतच्या कचेरीत हाताला दोरी बांधून बसवलेला होता. राख्याने त्याला पहाटेच ऐनाच्या झाडावर आणि भागीला खाली टहाळ्या गोळा करताना पकडलं होतं. तो लपूनछपून गेला नव्हता. झाडावर गाणं म्हणत होता. राखा खाली येऊन उभा राहिला तेव्हा त्याने वरूनच त्याला हाक मारली होती, ‘ये रं, सुटला राब! तू बी घे हात लावून!’

मामलेदारांपुढे त्याला उभं केलं तेव्हा मी मागे दाराशी होतो. गुन्हा कबूल आहे का, असं विचारल्यावर गोमाजी शांतपणे म्हणाला, ‘झाड तोडलं हाय. गुन्हा नाय केला. आमच्या मानसानं कौन्शिलात हाय सांगितलंय. छापलंय. वाचून दावलंय मला.’

‘कोणी दाखवलं वाचून?’

गोमाजीने मान वळवली. त्याची नजर दाराशी माझ्यावर येऊन थांबली. मी सरकारी नोकर. शाळेची तपासणी नुकतीच चांगली झालेली. माझ्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं मला माहीत नाही. मला ते आरशात बघायचं धाडस पुढे झालं नाही. त्याने मान पुन्हा फिरवली.

‘हाय येक मास्तर. नाव नाय ठावं,’ तो म्हणाला.

कचेरी हसली. कौन्सिलवाला गोमाजी, असं कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा पिकला. कोयता जप्त, टहाळ्या जप्त, एक महिना सक्तमजुरी. भागीला ताकीद देऊन सोडली.

तो सुटून आला तेव्हा मृग तोंडावर होता. भागीने न भाजलेल्या दाढीवरच बी फेकलं होतं. रोप आलं ते पिवळं, विरळ, आणि त्याच्या दुप्पट तण. मी बांधावर उभा राहून पाहिलं. दोघं वाकून तण उपटत होती आणि तणाबरोबर रोपही हातात येत होतं. आषाढात शेजारच्या वाडीत चिखलणी चालली होती तेव्हा गोमाजीचं खाचर पाण्याने भरून नुसतं उभं होतं. पुढे ते दुसऱ्याने कसायला घेतलं. घराला कडी लागली.

राब काही वर्षांनी सरकारने आपणहूनच थोडाबहुत मोकळा केला. म्हणून तर आज धूर दिसतो. त्या मताच्या दिवशी आमचे आनरेबल गैरहजर होते. यादीत त्यांचं नाव ना इकडे, ना तिकडे. एवढ्या वर्षांत मनापासून आय म्हणण्याची एक संधी चालून आली होती. तीही त्यांनी घरी बसून घालवली.

पण गोमाजीला शिक्षा झाली त्या वर्षीच्या आश्विनात मात्र ते हजर होते. कर्जतला. मानपत्र घ्यायला. रयतेला राबातून सोडवल्याबद्दल त्यांचा सत्कार करावा असं लोकल बोर्डाने ठरवलं. ज्या सभासदांच्या स्वतःच्या दाढी त्या वर्षी भाजल्या गेल्या नव्हत्या त्यांनीच हात वर केले. कचेरीतले अव्वल कारकून माझ्याकडे आले. ‘मास्तर, मानपत्राचा मजकूर तुमच्याशिवाय कोण लिहिणार?’

मी लिहिला. एका पानात बसवला. ‘आपण राबाची बेडी तोडून हजारो हात मोकळे केलेत’ असं त्यात वाक्य होतं, आणि ते वाचताना टाळ्या पडल्या. आनरेबलांनी उत्तरादाखल भाषण केलं. श्रमाची थोरवी सांगितली. मग जिलबी झाली. मीही दोन खाल्ल्या. आनरेबलांना नावं ठेवायला हा लेख लिहायला बसलो खरा, पण ती जिलबी अजून घशात आहे.

मार्गशीर्षात शाळेच्या कामासाठी मी खालापूरला निघालो होतो. चौक गावाजवळ खटारा थांबला, बैलांना पाणी पाजायचं होतं. पुण्याच्या रस्त्याची डागडुजी चालू होती. कडेला दगडांचे ढीग, आणि प्रत्येक ढिगाशी दोन-दोन माणसं खडी फोडत बसलेली. एका ढिगाशी गोमाजी होता. समोर भागी. दोघांच्या भुवया, पापण्या धुळीने पांढऱ्या झालेल्या.

गोमाजी उठून उभा राहिला. ‘मास्तर! तुमी हितं?’ जणू मी त्याच्या घरी आलो होतो आणि बसायला देण्यासारखं काही नाही याची त्याला लाज वाटत होती.

मला राहवलं नाही. मी तिथेच सगळं सांगितलं. अर्जातलं वाक्य, आनरेबलांनी लावलेला अर्थ, साहेबांचे आभार, आणि आय कशाला होता ते. गोमाजी ऐकत राहिला. आधी त्याला समजेना. मग समजलं, आणि तो हसायला लागला. अगदी पोट धरून.

‘राब म्हंजे राबनं? आगं ऐकलंस का, राब म्हंजे राबनं!’ त्याने हातातली हातोडी वर करून मला दाखवली. ‘आन् त्यातनं आमाला सोडवलान!’ हसता हसता त्याला धुळीचा ठसका लागला आणि तो खोकत खाली बसला.

भागी हसली नाही. ‘मास्तर,’ ती म्हणाली, ‘त्यो कागुद तुमाला उमागला कवा?’

‘त्याच दिवशी. संध्याकाळी.’

‘उजेड हुता?’

‘होता.’

गोमाजीचा खोकला थांबला होता. तो दगडांकडे बघत होता. पळसदरी कर्जतपासून कोस-दीड कोस. चांगला चालणारा माणूस दिवा लागायच्या आत पोचतो.

‘दुसऱ्या दिवशी शाळेची तपासणी होती,’ मी म्हणालो. ‘साहेब यायचे होते.’

भागीने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग तिने पुढचा दगड पायात धरला आणि हातोडी उचलली.

‘सरका, मास्तर,’ ती म्हणाली, ‘कपची उडंल.’